गुणगौरवाचं पाकीट जूनमध्ये नको, मे महिन्यात फी भरायला द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी जून-जुलै आला की आपल्या अंकाची आतली पानं गुणगौरव समारंभांच्या बातम्यांनी भरून जातात. पतसंस्था, सौहार्द सोसायट्या, गल्लीतली युवक मंडळं, महिला मंडळं, ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थ्यांचे संघ असे सगळेच दहावी-बारावीच्या मुलांना बोलावून त्यांचं कौतुक करतात. त्या फोटोंत मुलांच्या मागे उभ्या असलेल्या आया मला दिसतात आणि बरं वाटतं. आपल्या भागात मुलांच्या शिक्षणासाठी खिशात हात घालणारी माणसं आहेत, याचा तो पुरावाच आहे. त्याच माणसांना, मार्चअखेरचे हिशेब बंद होण्याआधी, एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. समारंभासाठी ठेवलेल्या रकमेतला मोठा हिस्सा बारावीनंतर इथल्याच कॉलेजात पदवीला जाणाऱ्या मुलांच्या पहिल्या फीसाठी बाजूला काढा. त्यासाठी जानेवारीत अर्ज मागवा आणि चेक मे महिन्यात द्या.

मी खानापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान चालवते. समोरून पीयू म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजची मुलं जातात. त्यांचे जातीचे-उत्पन्नाचे दाखले, बसपास, परीक्षेचे अर्ज, पदवीचे प्रवेश, शिष्यवृत्त्या असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. मी स्वतः बेळगावात बी.कॉम. केलं. पहिल्या वर्षाची फी वडिलांनी गावच्या डेअरीतून उचल घेऊन भरली आणि पुढे ती दुधाच्या बिलातून कापली गेली. गोठ्यात म्हशी होत्या म्हणून ते जमलं. बारावीला माझ्याच बाकावर बसणाऱ्या, माझ्यापेक्षा हुशार मुलीच्या घरी उचल देणारं कोणी नव्हतं आणि ती पुढे शिकली नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. आता दुकानात बसून त्याची कारणं रोज दिसतात.

सगळ्यात मोठं कारण वेळेचं आहे, पैसा त्यानंतर येतो. सेकंड पीयूची परीक्षा मार्चमध्ये होते, निकाल एप्रिलमध्ये लागतो. २०२४ पासून एकाच वर्षात परीक्षेच्या एकापेक्षा जास्त संधी मिळतात, त्यामुळे राहिलेला विषय त्याच वर्षी काढता येतो, ही चांगली गोष्ट झाली. निकाल लागला की राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात. अर्ज यूयूसीएमएस या विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा आणि मग कॉलेजात जाऊन फी भरायची. म्हणजे बापाच्या हातात पैसे हवेत ते मे-जूनमध्ये. आपल्या पश्चिम भागात तो काळ कसा असतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. उसाचं बिल आलं असेल तर ते सोसायटीच्या कर्जात गेलेलं असतं. भाताचं बियाणं, रताळ्याचे वेल, खत, पॉवर टिलरचं भाडं हे सगळं याच महिन्यात उभं राहतं. रताळी बाजारात जाऊन पैसे हातात यायला पुढे काही महिने आहेत. अशा वेळी घरात दोन वाक्यं बोलली जातात. मुलगा असेल तर "यंदा उद्यमबागच्या कारखान्यात लाग, पुढच्या वर्षी बघू" आणि मुलगी असेल तर "यंदा राहू दे." ते पुढचं वर्ष फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

सरकारच्या शिष्यवृत्त्या नाहीत असं नाही, आणि त्या लहानही नाहीत. केंद्र सरकारची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती पदवीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये देते. त्यासाठी मुलाला बोर्डात आपल्या शाखेतल्या ८० टक्के मुलांपेक्षा जास्त गुण हवेत आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. त्यातल्या निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी आहेत. ही शिष्यवृत्ती फक्त सायन्सची नाही, कॉमर्स आणि आर्ट्सला वेगळा वाटा आहे, हे तर सांगितल्यावरही पालकांना खरं वाटत नाही. राज्याच्या एसएसपी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अनुसूचित जाती-जमाती, मागास प्रवर्ग आणि अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आपल्याकडचा मराठा समाज कर्नाटकात ३ बी प्रवर्गात येतो, त्याची मुलंही उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर तिथे अर्ज करू शकतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी विद्यासिरी आहे, तिच्यातून वर्षातले दहा महिने राहण्या-जेवणासाठी रक्कम मिळते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली रयत विद्यानिधी जाहीर झाली, तेव्हा पदवीला मुलांसाठी ५,००० आणि मुलींसाठी ५,५०० असे दर ठरले. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे मुलींचा एसटीचा खर्चही उरलेला नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलींसाठी ती फार मोठी सोय झाली.

पण या सगळ्या शिष्यवृत्त्यांना एक अट समान आहे. आधी प्रवेश, मग अर्ज. कॉलेजचा प्रवेश क्रमांक असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्यानंतर दाखल्यांची ऑनलाइन साक्षांकन प्रक्रिया, मग कॉलेजकडून पडताळणी, मग खात्याची मंजुरी आणि शेवटी बँकेत पैसे. योजनेची रचनाच अशी आहे की पैसे हाती येतात तेव्हा फीची तारीख होऊन महिने उलटलेले असतात. म्हणजे ज्याच्याकडे मे महिन्यात फीचे पैसे आहेत त्यालाच सरकारचे पैसे मिळू शकतात. ज्याच्याकडे नाहीत, तो सगळ्या अटींत बसत असला तरी दारातच थांबतो. विहिरीवरच्या जुन्या मोटारीला आधी कळशीभर पाणी ओतावं लागतं, मग ती शिवार भिजवते. ती कळशीभर पाण्याची सोय आपल्या गावातल्या संस्था करू शकतात. सरकारला ती करता येणार नाही, कारण सरकारला माणूस आधी पोर्टलवर दिसावा लागतो.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीतली एक मुलगी कॉमर्सला चांगल्या गुणांनी पास झाली. केंद्राच्या शिष्यवृत्तीत ती बसेल असं मला वाटत होतं, तीन वर्षांचे ३६,००० रुपये. प्रवेशाच्या वेळी लागणारी काही हजारांची रक्कम घरी नव्हती. आईने दोन ठिकाणी विचारलं, ते लोक नाही म्हणाले असंही नाही, "जुलैत गुणगौरव आहे, तेव्हा नाव देऊ" म्हणाले. जुलैत तिला खरोखर बोलावणं आलं. ती गेली नाही, कारण ती तेव्हा काजूच्या फॅक्टरीत कामाला लागली होती. मी त्या संस्थेला दोष देत नाही, त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे केलं. ती रीत दोन महिने अलीकडे आणता येईल का, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. आपले गुणगौरव टक्केवारीवर चालतात, ९० च्या वर, ८५ च्या वर अशी रेघ मारली जाते. दहावीला ते ठीक आहे. बारावीला मात्र आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं काय होतं ते बघा. सातवी-आठवीपर्यंत गावची सरकारी मराठी शाळा, मग संस्थेचं मराठी हायस्कूल, आणि पीयूला सायन्स किंवा कॉमर्स घेतलं की एकदम इंग्रजी. अकाउंटन्सी, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स हे विषय पहिल्यांदाच वेगळ्या भाषेत समोर येतात आणि दोन वर्षांत त्यातच बोर्डाची परीक्षा द्यायची असते. दहावीला ८८ टक्के असलेली मुलगी बारावीला ६६ वर येते. ती मंद झालेली नसते, उलट तिने त्या दोन वर्षांत आधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त मेहनत केलेली असते. ६६ टक्क्यांवर तिचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाचं नाव मात्र चार-पाच संस्थांच्या यादीत येतं. त्याचा सत्कार व्हायलाच हवा, त्याने गुण मिळवलेत. पण एकाच मुलाला पाच शाली मिळतात आणि शेजारच्या गावातल्या मुलीची फी राहते, याचा विचार पाचही संस्थांनी एकत्र बसून केला पाहिजे. त्या मुलाला इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं असतं, त्याच्या घरच्यांना बँक कर्ज देते. इथल्या कॉलेजात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करू पाहणाऱ्या साठ-पासष्ट टक्क्यांच्या मुलांना विचारणारं कोणी नाही. आणि पुढे आपल्या सोसायट्यांत क्लार्क, शाळांत शिक्षक, ग्रामपंचायतीत डाटा एन्ट्री ऑपरेटर, तलाठी, पोलीस होणारी मुलं यांतलीच असतात.

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी आता अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला ३०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, कर्नाटकालाही ती लागू झाली आहे. ती चांगली आहे आणि ज्या मुली बसतात त्यांनी जरूर भरावी. पण तिची अट दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळेतून झालेली असण्याची आहे. आपल्याकडे मराठी प्राथमिक शाळा सरकारी, पण मराठी हायस्कूल बहुतेक ठिकाणी संस्थांची, अनुदानित. फी-माफीच्या, साध्या घरातल्या आमच्या मुली केवळ या एका कारणाने त्या योजनेच्या बाहेर राहतात. बाहेरचा मोठा दाता आपल्या भागाची ही वेगळी घडण ओळखून नियम करणार नाही. इथल्या माणसांना ती माहीत आहे, म्हणून इथल्या माणसांनी या मुलींसाठी सोय करायची आहे.

पैशाचं गणित अवघड नाही. समजा एका संस्थेने ४० मुलांना बोलावलं. प्रत्येकी ५०० रुपयांचं पाकीट म्हटलं तरी २०,००० होतात. शाल, स्मृतिचिन्ह, हॉल, मंडप, साउंड, नाश्ता, फ्लेक्स हे वेगळं. ५०० रुपयांनी कुठल्याच मुलाचं काही अडत नाही आणि काही सुटतही नाही. त्याच २०,००० मध्ये दोन-तीन मुलांचा पदवीचा प्रवेश होतो. समारंभ बंद करा असं मी म्हणत नाही. एक गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र देऊन तो साधेपणाने करता येतो, मुलांना तेवढंही पुरतं. उरलेले पैसे मे महिन्यासाठी ठेवा. आणि एकदाच देऊन थांबू नका. पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी गळतात, विशेषतः मुली. दहा मुलांना एकदा देण्यापेक्षा चार मुलांना तिन्ही वर्षं दिलं तर चार पदवीधर हाताशी लागतात. दरवर्षी सगळे विषय सुटले आणि हजेरी ठीक असली की पुढच्या वर्षीचा चेक, एवढी अट पुरे. चेक मुलाच्या नावे न देता थेट कॉलेजच्या नावे दिला तर देणाऱ्यालाही शंका राहणार नाही.

आता अर्जाविषयी, कारण अर्ज हे माझं रोजचं काम आहे. काही मोजक्या संस्था आपल्याकडे अर्ज मागवतात, त्यांचे नमुने मी पाहिले आहेत. त्यांत जवळपास सगळीकडे "प्रतिष्ठित नागरिकाचं शिफारसपत्र" मागतात. हे कृपा करून काढून टाका. ज्याच्या घरी पुढाऱ्याची ऊठबस आहे त्यालाच ते पत्र मिळतं. गवळीवाड्यावरच्या पोरीने ते कुणाकडून आणायचं? त्याऐवजी वर्गशिक्षकाचं किंवा विषयशिक्षकाचं पत्र मागा. मुलाला दोन वर्षं समोर बसलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला मागा, पण तो नाडकचेरीचा (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीचा) आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, असलेलाच असला की पुरे, दरवेळी नवा नको. तो पाच वर्षं चालतो. अर्ज मराठी, कन्नड, इंग्रजी यांपैकी मुलाला जी भाषा सोपी जाते तीत लिहू द्या.

आणि एक कोरी जागा ठेवा. "स्वतःविषयी लिहा" असं नुसतं म्हटलं की सगळी मुलं तेच लिहितात, "माझे वडील शेतकरी आहेत, घरची परिस्थिती बेताची आहे, तरी मदत व्हावी ही विनंती." त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं, म्हणून सुचत नाही. प्रश्न नेमका विचारला की उत्तरही नेमकं येतं. जांबोटीच्या बाजूचा एक मुलगा माझ्याकडे असाच अर्ज घेऊन आला होता. कॉमर्स, ६१ टक्के. ती जागा त्याने रिकामी ठेवली होती. मी विचारलं, कॉलेज सुटल्यावर काय करतोस? म्हणाला, संध्याकाळी गावच्या दूध डेअरीत बसतो. सेक्रेटरीला आता नीट दिसत नाही, म्हणून फॅट लावणं, दूध मोजणं, प्रत्येकाच्या कार्डावर लिहिणं आणि बिलाच्या दिवशी हिशेब जुळवणं हे सगळं तोच करतो. पैसे चुकले म्हणून कुणी भांडायला आलं का? नाही आलं. मी म्हटलं, मग हेच लिही, अकाउंट्स येतात हे दाखवायला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं? त्याने ते आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहिलं. ज्या सोसायटीकडे अर्ज होता तिथल्या लोकांनी ते वाचलं आणि त्याची पहिल्या वर्षाची फी भरली. आज तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि सकाळी बेळगावच्या बसमध्ये उभा राहून जातो. त्याच्या ६१ टक्क्यांवर तो कुठल्याही व्यासपीठावर चढला नसता. म्हणून अर्जात विचारा: कॉलेज सोडून दिवसात काय काय काम करता? कुणाची जबाबदारी तुमच्यावर आहे? कोणता विषय स्वतःच्या बळावर शिकलात? पदवी घेऊन काय करायचं आहे? अर्धं पान पुरे. तेवढ्यात मूल कळतं.

काही पदाधिकाऱ्यांशी मी हे बोलले आहे. त्यांची पहिली शंका अशी की अर्ज मागवले तर शेकड्याने येतील, वाचणार कोण. आपल्या गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत. मराठी शाळांतून निवृत्त झालेले गुरुजी आणि बाई मुलांची अक्षरं ओळखतात, घरंही ओळखतात. तीन जणांची समिती करा, त्यात एक बाई असाव्यात, आणि समितीतल्या कुणाचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्यांनी त्या वर्षी बाजूला व्हावं. दुसरी शंका वशिल्याची. त्याला उपाय हाच की किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि कोणत्या निकषावर, हे सूचना फलकावर लावायचं. गरिबी जाहीर करायची गरज नाही, मुलांची नावं नकोत, आकडे पुरेत. तिसरी शंका मला जरा खोल वाटली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, मुलांना कोल्हापूर-पुण्याला पाठवलं पाहिजे, इथल्या कॉलेजात ठेवून काय होणार? महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळ्या प्रवर्गातून प्रवेश देतं, ही सोय आहेच आणि ज्यांना जमतं त्यांनी ती घ्यावीच. पण त्यासाठी सीईटी द्यायची, बाहेर राहायचं, खानावळ आणि खोली करायची. आमच्याकडे येणारी मुलं सकाळी धार काढून आणि संध्याकाळी वैरण कापून शिकणारी आहेत. त्यांच्यासाठी बेळगावातली आरपीडी, ज्योती, जीएसएस, लिंगराज, भाऊराव काकतकर, खानापूरचं मराठा मंडळ आणि सरकारी पदवी कॉलेजं हीच खरी दारं आहेत. घरी राहून शिकणं कमी प्रतीचं शिकणं नव्हे. त्या मुलांच्या वाटेत फक्त पहिली फी उभी असते.

हा विचार या मातीला नवा नाही. बेळगावचं लिंगराज कॉलेज ज्यांच्या नावाने १९३३ साली सुरू झालं, त्या शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी १९०६ साली जाताना आपली जहागीर मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली आणि त्यांच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर पुढे कितीतरी मुलं शिकली. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीची वसतिगृहं उभी केली. त्या काळात त्यांनी मुलांच्या राहण्याची, जेवणाची आणि फीची सोय आधी केली. जहागिरी आता नाहीत, पण आपल्या तालुक्यांत सोसायट्या आहेत, ठेवी आहेत, वार्षिक सभेत शिक्षण निधीच्या नावाने रकमाही बाजूला निघतात.

सेकंड पीयूच्या मुलांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण निकालाच्या नंतर धावाधाव करून उपयोग होत नाही. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर नाव कसं आहे आणि आधारवर कसं आहे ते आजच शेजारी ठेवून बघा. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, यामुळे पोर्टलवर अर्ज अडतो. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती परीक्षेआधीच करून घ्या. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आणि पैसे जमा होण्यासाठी लावलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. अनेकांचं खातं गावच्या पतसंस्थेत असतं, सरकारची रक्कम तिथे जमा होत नाही. ज्यांच्या गावात बँक नाही त्यांनी पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून घ्यावं, चालतं. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नोंदणी करताना आता मोबाइलवर चेहऱ्याची ओळख द्यावी लागते. कणकुंबीकडच्या मुलांनी त्यासाठी रेंज असलेल्या जागी येऊनच ते करावं. अर्ज भरल्यावर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन "माझा अर्ज पडताळणीत आला का" हे स्वतः विचारा, कारण कॉलेजने मंजूर केल्याशिवाय तो पुढे जातच नाही. पोर्टलवरचे मेसेज बहुतेक कन्नडमध्ये येतात. आई-वडिलांना वाचता येत नसतील तर ते डिलीट करू नका, शाळेत कन्नड शिकलेल्या भावंडाला दाखवा. आणि शिक्षकांचं पत्र जानेवारीतच मागून ठेवा. मार्चनंतर ते पेपर तपासायला गेलेले असतात.

संपादक महोदय, आपल्याकडे माझं एक मागणं आहे. स्थानिक शिष्यवृत्त्या कोणत्या संस्था देतात, कुणासाठी, किती आणि कधीपर्यंत, हे आज कुठेच एका जागी मिळत नाही. मुलं ऐकीव माहितीवर फिरतात आणि बहुतेकांना कळतं तेव्हा तारीख गेलेली असते. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण एक चौकट छापावी: संस्थेचं नाव, कोणत्या गावांसाठी, रक्कम, शेवटची तारीख, अर्ज कुठे मिळेल. मग मे महिन्यात तीच चौकट पुन्हा छापावी आणि किती मुलांची फी भरली गेली ते लिहावं. गुणगौरवाच्या बातम्यांइतकीच जागा तिला लागेल.

ज्या संस्था असा अर्ज सुरू करू इच्छितात त्यांच्यासाठी मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक पानाचा नमुना तयार करून ठेवला आहे. हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी तो विनामूल्य पाठवीन. सेकंड पीयूच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज शनिवारी दुपारी माझ्या दुकानात पैसे न घेता भरून दिले जातील. येताना आधार, दहावीचं मार्कशीट, आरडी नंबर आणि पासबुक घेऊन यावं.

आपली नम्र,
झेरॉक्स दुकान चालवणारी एक वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)